साडेतीन मिलीमीटरची खिडकी

सांगली, ९ फेब्रुवारी १९७५

डॉक्टरीणबाई लीलाताई पाटणकर यांना रहिमान शिकलगारचा सलाम.

तुमच्या मोतीबिंदूच्या चारी सुऱ्या धार लावून पाठवल्यात. तिसरीच्या टोकाला बारीक दात पडला व्हता, त्यो काढायला दोन दिवस गेले. दिवसा पंपाच्या कारखान्यात लेथवर असतो, म्हणून उशीर झाला, राग मानू नका.

एक अर्ज हाय. तासगावकडं आमच्या गावात राहीबाई म्हणून बाई हाय. नवरा कोंडीबा, दोन एकर द्राक्षबाग. गेल्या दिवाळीच्या तोंडाला बागेत मोरचूद-चुन्याची फवारणी काढली व्हती, तवा तिच्या दोन्ही डोळ्यांत चुना गेला. आता बुबुळावर दुधाच्या सायीगत पडदा आलाय. उजेड आणि अंधार तेवढा कळतो. दोन दवाखाने झाले, दोघांनीबी हात टेकलं. वय पस्तीस. आख्ख्या गावात तिच्यासारखी छाटणी कुणाला येत नव्हती, आता भिंत धरून चालती.

तुमी एकदा बघाल का? आणायची-न्यायची जबाबदारी माझी.

तुमचा,
रहिमान


सातारा, २ मार्च १९७५

रहिमानभाई, नमस्कार.

गुरुवारी तुम्ही राहीबाईंना घेऊन आलात, पण स्वतः व्हरांड्यातच बसून राहिलात. दोनदा बोलावलं तरी आत आला नाहीत. शिकलगार माणूस रक्ताला भितो की काय, असं वाटलं. आत आला असतात तर समोरासमोर सांगितलं असतं. आता लिहून सांगते, कारण तुमच्यासारख्या कारागिराला नुसतं 'अवघड आहे' म्हटलेलं चालणार नाही.

बुबुळापुढं एक पारदर्शक काच असते, तिला आम्ही कॉर्निया म्हणतो. जाडी दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवावीत इतकीच. पण तेवढ्यात दोनशेच्या वर पापुद्रे आहेत. एका पापुद्र्यातले सगळे धागे एका दिशेला, त्याच्या खालच्यातले त्याला आडवे. धाग्याधाग्यांतलं अंतर इतकं सारखं, की उजेड अडखळत नाही. या काचेत रक्ताची एकही शीर नाही. तिचं खाणंपिणं चालतं ते डोळ्याच्या आतल्या पाण्यावर. आणि सगळ्यात आतल्या बाजूला पेशींचा एक थर आहे, तो रात्रंदिवस काचेतलं जादा पाणी बाहेर टाकत असतो. तुमच्या भाषेत, पंप. तो बंद पडला की काच फुगते आणि पांढरी होते.

चुना आम्लापेक्षा वाईट. आम्ल वरच्या वर जाळतं, चुना आत मुरत जातो. राहीबाईंच्या बुबुळाचा काठ जळाला आहे, आणि वरचं नाजूक आवरण त्या काठावरूनच नव्यानं येतं असं अलीकडं काहीजण म्हणतात. आता काठावरून रक्ताच्या शिरा आत घुसल्या आहेत.

तरीही एका डोळ्यावर दुसऱ्याच्या कॉर्नियाचं कलम करून बघणार आहे. आमच्या पेठेतल्या एका निवृत्त मास्तरांनी नेत्रदानाचा कागद लिहून ठेवला आहे. ते अंथरुणाला खिळले आहेत. त्यांच्या मरणाची वाट बघते असं नाही, पण तयारीत राहावं लागतं.

लीला पाटणकर


सांगली, २० मार्च १९७५

डॉक्टरीणबाई,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. मग गावाला जाऊन राहीबाईला वाचून दाखवलं. डोळ्यात पंप असतो हे ऐकून ती लय हसली. मला म्हणाली, "मेस्तरी, मग तुमीच का दुरुस्त करत न्हाई?"

मला हसू आलं न्हाई.

मी रक्ताला भीत न्हाई. व्हरांड्यात का बसलो ते कवातरी सांगीन. कलमाचा दिवस ठरला की तार करा.

रहिमान


सातारा, १४ सप्टेंबर १९७५

रहिमानभाई,

हे पत्र लिहायला मी आठ दिवस टाळाटाळ केली.

जूनमध्ये मास्तरांचा कॉर्निया बसवला तेव्हा सगळं चांगलं होतं. पट्टी काढल्यावर राहीबाईंनी खिडकीचे गज मोजले होते, तुम्हाला त्यांनी सांगितलंच असेल. पण जुलैअखेर काठावरच्या शिरा कलमात शिरल्या, आणि आता ते पुरतं पांढरं झालं आहे. गेल्या सोमवारी त्या मला म्हणाल्या, "बाई, तुमी वाईट वाटून घेऊ नका. चार आठवडं तरी बघितलं." पेशंटनं डॉक्टरची समजूत काढावी ही वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

चुन्यानं जळलेल्या डोळ्यात दुसरं कलम लावलं तरी हेच होणार. माझे मुंबईचे गुरुजी म्हणतात, आता नाद सोड. पण एक वाट उरली आहे. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे कण गेले होते. ती काच म्हणजे ॲक्रिलिक प्लॅस्टिक. डोळ्यानं ते कण वर्षानुवर्षं निमूटपणे सांभाळले. त्यावरून परदेशात काही डॉक्टर कॉर्निया प्लॅस्टिकचा करू लागले आहेत. नट-बोल्टासारखी रचना. मध्ये पारदर्शक दांडी, पुढं टोपी, मागं आट्यांवर फिरवून बसवायची चकती. या दोन्हींच्या चिमट्यात खऱ्या कॉर्नियाची कडी धरायची आणि ती कडी डोळ्याला शिवायची. मग कडी धूसर झाली तरी चालेल, उजेड दांडीतून आत जाईल.

तो तुकडा तिकडून मिळण्याची आशा नाही, दोन पत्रांना उत्तर नाही. सोबत मी काढलेली आकृती आहे. दांडी साडेतीन मिलीमीटर जाडीची. पुढच्या टोपीची गोलाई लिहिली आहे, ती चुकली तर सगळं अंधुक दिसेल. मिरजेच्या एका दंतवैद्यांकडून शुद्ध ॲक्रिलिकच्या कांड्या मिळतील, त्यांना कळवलं आहे.

तुम्ही हे कराल का?

लीला पाटणकर


सांगली, ३० नोव्हेंबर १९७५

डॉक्टरीणबाई,

साडेतीन मिलीमीटर म्हंजे सुतापेक्षा, इंचाच्या आठव्या भागापेक्षा, जरा जास्त. मी आयुष्यभर सुतावर काम केलं, पण लोखंडावर. लोखंड चुकलं तर आवाज करतं. हे प्लॅस्टिक गुमान जळतं. लेथ जरा जोरात फिरला की आतनं पांढरं पडतं, आणि ते पांढरं मग कशानंबी जात न्हाई. सव्वीस तुकडं वाया गेले.

एका घड्याळजीचा छोटा लेथ मागून आणलाय, त्यो पायानं सावकाश फिरवतो. वर मडक्यातनं साबणाच्या पाण्याचा थेंब थेंब सोडलाय. आता जळत न्हाई. आटे पाडलं. पॉलिशला मात्र अडलो. माझ्या बायकोनं, मेहरुनबीनं बघितलं आणि म्हणाली, तुमच्या बापजाद्यांनी तलवारी घासल्या म्हणून काय सगळ्यालाच दांडगा हात लावायचा? तिनं खडूची पूड सात वेळा पाण्यात निवळली, वरचा गाळ तेवढा घेतला, मलमलीच्या चिंधीवर लावून करंगळीनं घासायला लागली. दोन तासांनी त्या दांडीतनं पलीकडच्या कॅलेंडरवरचा आकडा स्वच्छ दिसला. त्योच तुकडा पाठवतोय. सत्ताविसावा.

आता व्हरांड्याचं सांगतो. राहीबाईच्या बागेवर जो फवारणीचा पंप व्हता, त्येच्या नळीचा जोड मीच बसवला व्हता. चार दिवस आधी. घाईत आटे नीट बघितलं न्हाईत. पाचव्या दिवशी कोंडीबा सांगत आला की पंपावर असताना चुना उडाला. मी पुढं काही विचारलंच न्हाई. विचारायची छाती झाली न्हाई. तिच्या डोळ्यापुढं उभा राहू कसा? म्हणून बाहेर बसलो.

तुमी हे तिला सांगायचं का न्हाई ते तुमी ठरवा.

रहिमान


सातारा, ५ डिसेंबर १९७५

रहिमानभाई,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी उत्तर लिहिते आहे.

पंप त्या दिवशी सुरूच झाला नव्हता. मी राहीबाईंना पहिल्याच भेटीत सगळं विचारलं होतं, कागदावर लिहूनही ठेवलं आहे. पिंपात कळीचा चुना होता. कुणीतरी त्यावर भसकन घागरभर पाणी ओतलं आणि तो उकळून उसळला. राहीबाई वाकून ढवळत होत्या. पंप दहा पावलांवर कोरडा पडलेला होता. कोंडीबा 'पंपावर' म्हणाले ते फवारणीच्या कामावर या अर्थानं. पाणी ओतणारे तेच होते. त्यांनाही ते धड उच्चारता येत नाही.

तुम्ही तेरा महिने दुसऱ्याचं ओझं वाहिलंत. ते खाली ठेवा. मला अपराधी माणसाचा हात नको, कारागिराचा हवा.

आता माझी चूक ऐका. तुमचा सत्ताविसावा तुकडा मी पाण्यासारखा नितळ बघितला, आणि माझ्या कंपाउंडरनं तो बाकीच्या हत्यारांबरोबर उकळायला टाकला. मी त्याला सांगून ठेवलं नव्हतं. वाकडा झाला. मेहरुनबींची माफी मागते. यापुढं फॉर्मलीनच्या वाफेत ठेवीन. आणखी चार करून द्या. आधी सशांच्या डोळ्यांत बसवून बघणार आहे.

लीला पाटणकर


सांगली, १८ एप्रिल १९७६

डॉक्टरीणबाई,

तुमचं डिसेंबरचं पत्र वाचून मी तडक गावाला गेलो. कोंडीबा ओट्यावर बसला व्हता. मीबी त्येच्या शेजारी टेकलो. मग राहीबाईनंच आतनं विचारलं की चहा कुणाला कमी साखरेचा. तिला सगळं आधीपासनं ठाऊक व्हतं. नवऱ्याला ती एका शब्दानं कवा बोलली न्हाई.

तुमी मार्चात कळवलं की चारातल्या तीन सशांनी तुकडा बाहेर टाकला, टोपीभोवतीचं मांस झिजून गेलं. त्येच्यावर महिनाभर डोकं चालवलं. तुमी पहिल्या पत्रात लिहिलंवतं की या काचेला रक्त न्हाई, ती आतल्या पाण्यावर जगती. मग आपली मागची चकती त्या पाण्याच्या आडवीच बसती की. पाणी पोचणार कुठनं? पाट बांधून अडवल्यावर पुढचं रान वाळणारच.

म्हणून चकतीला भोकं पाडलीत. सोळा. घड्याळाच्या ड्रिलनं, एकेक करून. कडा मेहरुनबीनं घासल्यात. मी डॉक्टर न्हाई, चुकत असीन तर टाकून द्या.

रहिमान


सातारा, २१ नोव्हेंबर १९७६

रहिमानभाई,

टाकून देऊ? सहा सशांत तुमच्या भोकांच्या चकत्या बसवल्या. सहा महिने झाले. पाच ससे तुकडा घेऊन मजेत गाजर खात आहेत. एकाचा निघाला, तो माझ्या टाक्यांनी. भोवतीची कडी जिवंत राहते आहे. ही भोकं माझ्या आकृतीत नव्हती. मी वाचलेल्या एकाही निबंधात नव्हती. हे तुम्हाला नीट कळावं म्हणून मुद्दाम लिहिते.

काल राहीबाई आणि कोंडीबा येऊन गेले. मी काही लपवलं नाही. एकाच डोळ्यात बसवणार, यश आलं तरी नळीतून बघितल्यासारखं दिसणार, बाजूचं बघायला मान वळवावी लागणार. जन्मभर रोज थेंब घालावे लागतील. पू झाला तर आहे तो उजेडही जाईल. कोंडीबांनी तिथंच नको म्हटलं. अंधारात का होईना, ती आहे तशी बरी आहे म्हणाले.

राहीबाईंनी त्यांना थांबवलं. त्या म्हणाल्या, "नळीतनं तर नळीतनं. मला सगळं रान एकदम कशाला बघायचंय? एका वेळी एक वेल दिसला तरी बास हाय."

तेरा डिसेंबरला ऑपरेशन करते आहे. सगळ्यात चांगला तुकडा पाठवा.

लीला पाटणकर


सांगली, २ डिसेंबर १९७६

डॉक्टरीणबाई,

अठ्ठावन्न नंबरचा पाठवलाय. मी आणि मेहरुनबीनं त्येच्यातनं सांगलीचा घाट, नदीपलीकडची झाडं, सगळं बघून घेतलं. कुठं डाग न्हाई.

त्या दिवशी मी साताऱ्याला येणार न्हाई. भीतीनं न्हाई. कारखान्यात ऊसवाल्यांच्या पंपांची गर्दी हाय, आणि माझं काम त्या डबीत तुमच्याकडं आलेलं हाय. बाकी तुमच्या हातावर.

रहिमान


सातारा, १९ डिसेंबर १९७६

रहिमानभाई,

तार केली होती, पण तारेत काय मावणार?

तीन तास लागले. टोपी आणि चकती यांच्यात कडी अशी बसली की नर्सनं कौतुकानं मान हलवली. शिवताना माझा हात एकदाही थांबला नाही. खरं कठीण गेले ते पुढचे पाच दिवस. काल सकाळी पट्टी सोडली. कोंडीबा दाराशी भिंतीला टेकून उभे होते. मी नेहमीप्रमाणे बोटं पुढं केली, किती आहेत सांगा म्हणून.

राहीबाईंनी बोटांकडं बघितलंच नाही. मान थोडी डावीकडं वळवली, मग उजवीकडं, आणि माझ्या तोंडाकडं स्थिर झाल्या. म्हणाल्या, "बाई, तुमच्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलीया. काळा दोरा हाय."

रहिमानभाई, तो दोरा मला स्वतःलाही आरशात शोधावा लागतो.

मी खुर्चीत बसले. मग त्यांनी कोंडीबांना हाक मारली आणि पुढ्यात उभं करून नखशिखांत बघून घेतलं, कपाळापासून पायापर्यंत, एकेक तुकडा, जशी नळी फिरेल तसं. कोंडीबा रडत होते, त्या नव्हत्या. दुपारी अक्षरांच्या तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ वाचली. मुंबईच्या गुरुजींना मी दोन ओळींचं पत्र टाकलं आहे, की नाद सोडला नाही ते बरं झालं.

मेहरुनबींना माझा नमस्कार सांगा. आणि तुम्ही आज काम बंद ठेवा. हा डॉक्टरचा हुकूम आहे.

लीला पाटणकर


सातारा, ८ जानेवारी १९७८

रहिमानभाई,

वर्ष उलटून गेलं. परवा राहीबाई तपासायला आल्या होत्या. तुकडा जागच्या जागी, डोळ्याचा दाब ठीक, नजर तशीच. पुण्याच्या डॉक्टरांच्या सभेत मी या कामावर निबंध वाचला. निबंधावर दोन नावं होती, माझं आणि 'र. शिकलगार, टर्नर, सांगली'. एका प्राध्यापकांनी विचारलं, हे शिकलगार कुठं शिकले? मी म्हटलं, लेथवर. सभागृहानं टाळ्या वाजवल्या त्या तुम्हाला होत्या, मी फक्त पोचवते आहे.

आता पुढचं. माझ्याकडं चुन्याचे पाच पेशंट जमले आहेत. त्यातले एक फलटणच्या बाजूचे धुळा म्हणून आहेत. साखर कारखान्यात रस निवळायला चुन्याचं पाणी घालतात, ते उडालं. दोन्ही डोळे गेले. माझ्याकडं दाखल आहेत, पण ऑपरेशनला तयार होत नाहीत. डोळ्यात प्लॅस्टिक बसवलं तर माणूस मरतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं आहे. मी समजावून थकले. डॉक्टरचं कोण ऐकतं?

सहा तुकडे लागतील, एक राखीव.

लीला पाटणकर


सांगली, २ फेब्रुवारी १९७८

डॉक्टरीणबाई,

सहा तयार हायत. नंबर एकसष्ट ते सहासष्ट. एकबी वाया गेला न्हाई. कारखान्याच्या मालकांनी निबंधातलं माझं नाव वाचलं आणि कोपऱ्यातली एक खोली या कामाला मोकळी करून दिली. मेहरुनबी तिथं रोज दुपारी येती. आता दोन पोरीबी पॉलिश शिकाय लागल्यात.

ऑक्टोबरात राहीबाईच्या बागेत गेलो व्हतो. गोडी छाटणी, म्हंजे घड धरायची, चालली व्हती. बारा बाया, आणि सगळ्यांच्या पुढं ती. एका वेलापाशी थांबायची, मान हिकडं तिकडं फिरवायची, कात्री लावायची. मागनं येणाऱ्या बाईनं काडीवर डोळं, म्हंजे कोंब, जास्त राखले की परत फिरून छाटायची आणि तिला ऐकवायची. मला बघितल्यावर कात्री थांबवली. लय वेळ निरखून बघितलं. मग म्हणाली, "मेस्तरी, तुमी लय म्हातारं झालासा की." पुढच्या वेलाकडं गेली. या साली घडाचं वजन गावात तिच्याच बागेत जास्त हाय.

तुमचं धुळाचं पत्र मी तिला दाखवलं. तिनं ते हातात घेतलं, डोळ्यापुढं धरलं आणि एकेक ओळ सरकवत शेवटपर्यंत स्वतः वाचलं. मला तोंड उघडाय दिलं न्हाई. वाचून झाल्यावर म्हणाली, त्या माणसाला कागद वाचून काय समजणार, मला बघू दे त्येच्याशी बोलून.

मी म्हटलं, कोंडीबाला संगं घे, न्हाईतर मी येतो, सांगलीच्या स्टँडावर गर्दी लय असती. ती म्हणाली, कोंडीबाला बागेत काम हाय आणि तुमाला लेथवर.

आज सकाळी स्टँडावर पोचवायला गेलो तेवढंच. सहा तुकड्यांची डबी तिनं पदरात बांधून घेतलीया. फलाटावर पाच गाड्या लागल्या व्हत्या. मी बोट करणार, तेवढ्यात तिनं मान फिरवून पहिल्या गाडीची पाटी वाचली, मग दुसरीची, मग तिसरीची. चौथ्या गाडीपाशी थांबून मोठ्यानं वाचलं, "सातारा." आणि चढली. खिडकीची जागा धरली. वळून माझ्याकडं बघितलं न्हाई, रस्त्याकडं बघत व्हती.

हे पत्र पोचायच्या आधीच, आज सांजच्याला, तुमच्या दारात येईल. एकटी येतीया.

रहिमान शिकलगार